दुमिंगचं नाव

फोन आला तेव्हा शैला मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी होती, एका हातात यीस्टची पाकिटं टाकलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात अंड्यांचा ट्रे. पलीकडून काशीगावच्या तिच्या जाऊबाई, फ्लोरीवैनी, हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाल्या. "यांची जीभ काय वळत न्हाय गो अजून. डॉक्टर बोलले, टाइम लागंल. नाताळाला नावं कोन घेनार? मला घेता येत न्हाय, तुला ठाव हाय. आता तूच मोठी हायस. घेशील ना?" शैला म्हणाली, "घेईन." एवढंच म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला, आणि तिच्या लक्षात आलं की तिला आनंद झालाय. साधासुधा नाही. तळपायापासून वर चढणारा, कान गरम करणारा आनंद. मागचा माणूस "आंटी, बैठना है के नहीं?" म्हणाला तरी ती उभीच. लकव्यानं अर्धं अंग गेलेले थोरले दीर पास्कल खुर्चीला खिळलेत, बोलता येत नाही, तोंडातून लाळ गळते, आणि आपल्याला आनंद होतोय, हे तिनं स्वतःशी एकदा नीट म्हणून पाहिलं. वाईट वाटतंय का, तेही चाचपलं. वाटत नव्हतं. मग ती रिक्षात बसली आणि अंडी मांडीवर घेऊन घरापर्यंत अशी गेली की एकालाही तडा गेला नाही.

नावं घेणं ही काशीगावच्या त्या घराची रीत होती. गावातल्या इतर ख्रिस्ती घरांतून ती नव्हती, निदान शैलाला कुठे दिसली नव्हती. नाताळच्या दुपारी सगळं घर टेबलाभोवती जमलं, इंद्याल आणि सोरपोतेलची, डुकराच्या मटणाची पातेली मधोमध आली, की घरातलं सर्वांत मोठं माणूस उभं राहायचं आणि एकेकाचे उपकार मानायचं. आधी गेलेल्यांचे, मग असलेल्यांचे. नुसतं नाव घेऊन भागायचं नाही, त्या माणसानं काय केलं तेही सांगायचं. बस्त्यावचे उपकार, त्यानं विहीर खणली. अमकीचे उपकार, तिनं आजारपणात रात्री जागवल्या. मग सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "उपकार." आणि एक फुगा, तो नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाचा तळलेला मऊ गोळा, हातोहात पुढे जायचा. माणूस हयात असेल तर त्याच्या हातात, नसेल तर घरातल्या अल्तारापुढच्या, क्रूसासमोरच्या ताटलीत. नाव घेतल्याशिवाय फुगा नाही आणि फुगा हातात आल्याशिवाय जेवण नाही. लहान पोरंसुद्धा भूक मारून आपल्या नावाची वाट बघत बसायची. नियम एकच होता. आपल्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव आपण घ्यायचं नाही, ते दुसऱ्यानं घ्यायचं. नवराबायकोनं एकमेकांसाठी काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत, देवापुढे त्याची जाहिरात नको, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून फ्लोरीवैनींचा खोळंबा झाला होता. पास्कल घरातला मोठा, असलेल्यांत त्याचं नाव पहिलं, आणि तेच त्यांना घेता येत नव्हतं.

शैला रत्नागिरीकडची, हिंदू घरातली. तिनं दुमिंगशी लग्न केलं तेव्हा वडिलांनी तिला दार बंद केलं ते कायमचं. ती पहिल्या नाताळला त्या टेबलाशी बसली तेव्हा तिला वाटलं होतं की आता आपली जात निघणार, आपल्याला क्रूस करता येत नाही हे निघणार, काहीतरी निघणारच. सासूबाई उभ्या राहिल्या. जाड भिंगांचा चष्मा, अंगावर लाल काठाचं लुगडं. गेलेल्यांची नावं झाली, पास्कल झाला, फ्लोरी झाली, दुमिंग झाला, आणि मग त्या म्हणाल्या, "शैलाचे उपकार. ती तिचा घर सोरून आपल्या घरा आली." सगळे म्हणाले, "उपकार." फुगा तिच्या हातात आला तेव्हा अजून गरम होता. तिला तो खाववेना, इतकी ती रडली. दुमिंग शेजारून हळूच म्हणाला होता, "खा, नायतर कोणाला जेवता येणार नाय." त्या दिवशी ती त्या घराची झाली. लग्नाच्या रजिस्टरनं नव्हे, देवळातल्या बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही नव्हे, त्या फुग्यानं. पुढे पीठ मुठीत धरून अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातून गोळा सोडायला सासूबाईंनीच तिला शिकवलं, आणि काही वर्षांत फ्लोरीवैनींपेक्षा तिचेच फुगे गोल व्हायला लागले. तळायला नेहमी दुमिंग. हायवेवरच्या कंपनीत तो फिटर होता, गरम तेलाची त्याला भीती नव्हती. बनियनवर उभा राहून तो तळायचा आणि दर घाण्यातला पहिला फुगा फुंकर घालून तिच्या तोंडात टाकायचा. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. इतक्या वर्षांत शैलाला माहेर आठवायला सवड झाली नाही, याचं सगळं श्रेय तिनं मनातल्या मनात त्या टेबलाला दिलं होतं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि दुमिंगला हॉस्पिटलमध्ये नेलं. शैला स्वतः तापानं फणफणून मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये कोंडलेली, मुलगी रसिका दुसऱ्या खोलीत. हॉस्पिटलमधून फोन आला तो हिंदीतून. कोणीतरी थकलेला माणूस होता, त्याच्या आवाजात ना दया ना उर्मटपणा. बॉडी किधर भेजना है, दफन के लिए बहुत लाइन है, रुकना पड़ेगा. तिनं पास्कलला फोन लावला. पास्कल म्हणाला, "घरात पोरां हायत, मी कसा येऊ?" तिनं परत लावला. म्हणाला, "तुला काय करायचा ता कर, मला इचारू नको." तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला नाही. तिला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दुमिंग कुठल्यातरी कॉरिडॉरमध्ये पडून आहे आणि बाहेर ऊन आहे. ती त्या थकलेल्या माणसाला म्हणाली, "जहाँ जल्दी होगा वहाँ." लवकर झालं ते विद्युतदाहिनीत झालं. राख रसिकानं आणली, नंतर खाडीत सोडली. आणि मग पास्कलला कंठ फुटला. भावाला जाळला. घराची कबर असताना, आईबापाशेजारी जागा असताना, जाळला. हिंदूच ती शेवटी. फादरनं त्याला समजावलं, यात पाप नाही, चर्चची आडकाठी नाही, आपण प्रार्थना करू. फादरपुढे पास्कलनं मान हलवली, आणि त्या वर्षीच्या नाताळला टेबलाशी उभा राहून बापाचं नाव झाल्यावर, आईचं झाल्यावर, तो सरळ असलेल्यांच्या नावांवर आला. रसिका म्हणाली, "काका, पप्पा राहिले." पास्कल तिच्याकडे न बघता म्हणाला, "ज्याला माती न्हाय त्याला फुगा न्हाय." आणि पुढचं नाव घेतलं. सगळे म्हणाले, "उपकार." शैलाच्या नावाचा फुगाही आला, रीतीप्रमाणे. तिनं तो हातात धरला, त्याला एक घास लावला आणि तो गिळला. तो घास तिला अजून घशात लागतो.

तरीही ती दर नाताळला जात राहिली. रसिका म्हणायची, "आई, पप्पा मला तिथेच दिसतात, त्या गॅसपाशी." पोरीसाठी जाते असं शैलानं स्वतःला सांगितलं होतं आणि ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की दर वर्षी आईच्या नावानंतर पास्कल जो एक श्वास घ्यायचा, त्या श्वासात ती त्याच्याकडे टक लावून बघायची. त्यानं आपल्याला बघताना बघावं म्हणून जायची. आणि एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. बाप लवकर गेल्यावर पास्कलनंच दुमिंगला वाढवलं होतं, खाडीत पोहायला शिकवलं होतं, पहिल्या पगाराची सायकल घेऊन दिली होती. तो तेव्हा घाबरला होता, आला नाही, आणि न आल्याची लाज त्याला सोसवेना म्हणून सगळा जाळ त्यानं तिच्या पदरात टाकला. हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. कळून घ्यायचं नव्हतं. समजून घेतलं की राग पातळ होतो, आणि दुमिंगनंतर तिच्याकडे एवढी एकच भरघोस गोष्ट उरली होती.

आता पास्कल मुका झाला होता आणि नावं तिच्या तोंडात आली होती. घरी येऊन ती अंडी फ्रिजमध्ये ठेवायलाही विसरली, ओट्याला टेकून नुसती बेत करत राहिली. पहिला बेत सोपा होता, त्याचं नाव गाळायचं. आईच्या नावानंतर एकदम फ्लोरीवैनी. तो तिथेच समोर खुर्चीत बसलेला, सगळ्यांच्या हातात फुगे आणि त्याचा बरा हात मांडीवर रिकामा. जिवंतपणी नाव न निघणं म्हणजे काय ते कळू दे. हे चित्र तिनं इतक्यांदा रंगवलं की भाजी चिरताना तिला हसू येत होतं. रसिका ऑफिसातून आली आणि म्हणाली, "काय गं, खुशीत दिसतेयस." "नाताळ आहे ना," शैला म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तिला त्या बेतातली खोट दिसली. गाळलं तर सगळे म्हणतील विसरली. बाहेरची ना ती, गोंधळली. साहिल, पास्कलचा मुलगा, हसून म्हणेल, "काकी, पप्पा राहिले," आणि तिला नाव घ्यावंच लागेल. तिच्या सुडाचा विसरभोळेपणा होऊन जाईल. मग दुमिंगचं नाव आपणच घ्यावं का, ठणकावून? पण तो नियम. बायकोनं घेतलेलं नाव त्या टेबलावर नाव धरत नाहीत. आणि नियम सासूबाईंचा होता. पास्कलशी वैर असलं तरी त्यांचा शब्द मोडायला तिचं मन होईना. त्या नियमाचं कुंपण तिला टोचत होतं आणि राखावंसंही वाटत होतं, आणि या ओढाताणीतच तिला वाक्य सापडलं. नाव घ्यायचं. पास्कलचं, आणि तेही पहिलं. उपकारही मानायचे. कशाबद्दल, ते मात्र तिचं तिनं ठरवायचं. त्यात रीत काही बोलू शकत नव्हती.

चोवीस तारखेला ती पीठ मळायला काशीगावला गेली. घराभोवती आता टॉवर उठलेत, दुपारी तीननंतर अंगणात ऊन येत नाही, पण बांबूवर तारा होता, कुठल्यातरी दुकानातला प्लास्टिकचा. दुमिंग कागदाचा करायचा. पास्कल ओटीवर चाकाच्या खुर्चीत होता. फ्लोरीवैनी आत नारळाचं दूध काढत होत्या. शैला त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं, कारण मान वळवायला त्याला वेळ लागत होता. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ आला होता. तिनं तो त्याच्याच नॅपकिननं पुसला. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय माया. "दादा," ती हळू म्हणाली, "उद्या मी नावं घेणार आहे. वैनींनी सांगितलं ना?" त्याचा बरा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. त्यानं काहीतरी बोलायचा यत्न केला, घशातून नुसती घरघर आली, तीच जी लकव्यानंतर रोझरीच्या जपात सूर मिळवताना यायची. "तुमचं पहिलं घेईन," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत भीती आली. ती खरी भीती होती, तिला ओळखता आली. ती तिनं दुमिंगच्या आजारपणात रोज आरशात बघितली होती. शैलाला बरं वाटलं. आत जाऊन तिनं पीठ असं मळलं की फ्लोरीवैनी म्हणाल्या, "हाताला काय जोर आलाय गो तुझ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल भरलं. साहिल, त्याची बायको मिनल, त्यांची पोरं, रसिका, फ्लोरीवैनी आणि टोकाला खुर्चीत पास्कल, नवा शर्ट घातलेला, गळ्याशी टॉवेल. साहिलनं घरची वाइन पेल्यांत ओतली. शैला उभी राहिली. तिनं सासऱ्यांचं नाव घेतलं, विहिरीचं सांगितलं. उपकार. सासूबाईंचं घेतलं, म्हणाली, त्यांनी मला गोळा सोडायला शिकवलं आणि बाहेरची म्हटलं नाही. उपकार. दोन फुगे ताटलीत गेले. मग तो श्वास आला, आईच्या नावानंतरचा. तिनं तो घेतला आणि लांबवला. सगळ्यांनी ताटांत पाहिलं. रसिकानं तिचा पदर ओढला. तिला वाटत होतं ही जागा आपण कायमची उघडी ठेवू शकतो, दुपारभर, कोणी जेवणार नाही. मग तिनं टेबलाच्या टोकाकडे पाहिलं आणि सावकाश, सासूबाईंच्या चालीत म्हटलं, "पास्कलदादांचे उपकार. दुमिंग गेल्यापासून त्यांनी या टेबलावर दुमिंगचं नाव एकदाही घेतलं नाही. म्हणून मला ते रोज घरी घ्यावं लागलं. दुमिंग माझ्या घरातून कुठे गेला नाही तो यांच्यामुळे." नियम मोडला नव्हता. उपकार पास्कलचे होते, दुमिंग त्यात नुसता आला होता.

पोरं तेवढ्याचीच वाट बघत होती, ती मोठ्यांदा ओरडली, "उपकार!" मिनलच्या तोंडून सवयीनं निघालं. साहिलनं ओठ हलवले आणि मान खाली घातली. फ्लोरीवैनींनी तोंडावर हात ठेवला. शैला एकेकाकडे बघत होती, आणि हेच हवं होतं तिला, इतकी वर्षं हेच, की यांनी आपल्याच तोंडानं ते कबूल करावं. आणि तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून जाड, ओला, पण स्वच्छ शब्द आला. "उपकार."

पुढचं सगळं तिच्या हातून निसटलं. फ्लोरीवैनी किंचाळल्याच, "बोलले! बोलले गो!" साहिल खुर्ची पाडून बापाकडे धावला. मिनल फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागली. पोरं नाचायला लागली. आणि फ्लोरीवैनींनी येऊन शैलाला मिठी मारली, तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत म्हणाल्या, "तुझ्यामुळं गो शैला, तुझ्यामुळं बोलले. डॉक्टरला जमला न्हाय ता तू केलास. परत बोल, तेच बोल, बघ परत बोलतात का." तिला कळेना. मग कळलं. कोणी ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं आणि त्या एका शब्दानं ते धुऊन टाकलं होतं. इतकं घोटून केलेलं विष, आणि घराला त्याचं औषध झालं. "बोल ना काकी, प्लीज," साहिल म्हणाला. तिनं परत म्हटलं, तेच, शब्दन् शब्द. "उपकार," पास्कल म्हणाला. टाळ्या पडल्या. तिला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. या खेपेला वाक्य तिच्याच कानाला पोकळ लागलं, देवळातल्या पोपटपंचीसारखं, आणि तिला असा संताप आला की हातातला फुगा चेपला गेला. तिनं पास्कलकडे पाहिलं. तो हसत नव्हता. सगळ्यांच्या गराड्यातून तो फक्त तिच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत कालची भीती नव्हती. त्याला समजलं होतं. शब्द सवयीनं आला असेल नाहीतर मनापासून, पण वाक्य त्याला समजलं होतं. त्या खोलीत आपण दोघंच काय ते शुद्धीवर आहोत, असं तिला वाटलं, आणि इतक्या वर्षांत कोणी इतकं जवळचं वाटलं नव्हतं. त्यानं बरा हात पुढे केला. फुगा मागत होता.

शैला त्याच्याजवळ गेली. फुगा त्याच्या हातापासून वीतभर लांब धरला आणि म्हणाली, "आता दुमिंग म्हणा." 

पास्कलचे ओठ हलले. आवाज आला नाही. "म्हणा, दादा. दुमिंग." फ्लोरीवैनी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या, नवऱ्याचा गाल थोपटत, बाळाला शिकवावं तशा म्हणाल्या, "बोला ना. दु-मिंग." साहिल म्हणाला, "पप्पा, ट्राय करा, दुमिंगकाका. दुमिंग." मिनल फोन धरून म्हणाली, "दुमिंग बोला, बाबा." पोरांना तो खेळच वाटला, ती टेबलावर चमचे आपटत ताल धरून ओरडायला लागली, दुमिंग, दुमिंग; त्यांनी तो माणूस नीट पाहिलाही नव्हता. रसिका जागची हलली नव्हती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तीही म्हणत होती. ज्या घरात ते नाव इतके नाताळ कोणी काढलं नाही, त्या घरात आता दुसरा शब्द नव्हता. अंगणापलीकडून कोणीतरी खिडकी उघडून बघितलं. पास्कलच्या चेहऱ्यावर घाम आला. जबडा वाकडा होऊन 'द'पर्यंत जायचा, थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू करायचा. त्याला जमत नव्हतं की तो तेवढं एक राखून ठेवत होता, हे शैलाला सांगता आलं नसतं. पातेल्यांत चरबी थिजायला लागली होती, कोणी जेवलं नव्हतं, कोणाला जेवता येणार नव्हतं. फ्लोरीवैनी म्हणाल्या, "दमलेत गो आता, दे तो फुगा त्यांना." शैलानं फुगा तसाच धरून ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "थांबू नका. परत म्हणा."